बॅटरीचा उपास

आमच्या घरात आजारी पडायची सोय नव्हती. म्हणजे पडता येत असे, पण पडल्यानंतर जे व्हायचं ते आजारापेक्षा वाईट असायचं. बाबा अमरावतीच्या कोर्टात दिवाणी वकील होते, पण त्यांची खरी प्रॅक्टिस निसर्गोपचाराची होती आणि तिथले अशील म्हणजे आम्ही. खोकला झाला की उपास. पोट दुखलं की उपास. गणितात मार्क कमी पडले तर जड अन्नाने बुद्धीला सुस्ती आली आहे असा निकाल लागून पुन्हा उपासच. आणि हा उपास साबुदाण्याची खिचडी नि शेंगदाण्याच्या आमटीचा चैनीचा नव्हे. कोमट पाणी, त्यात अर्धं लिंबू. दुसऱ्या दिवशी लिंबूही पाव. अंगणातल्या गायीने एकदा वैरणीला तोंड लावलं नाही, तर जनावराला कळतं ते माणसाला कळत नाही असं म्हणून बाबांनी तिचा उपास आणखी दोन दिवस वाढवून दिला. बैठकीच्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यात प्रत्येकाचं नाव, उपासाचे दिवस, कारण आणि शेवटी 'परिणाम' असा रकाना. त्या रकान्यात बाबांच्या सुंदर अक्षरात वर्षानुवर्षं एकच शब्द होता: उत्तम.

परिणाम उत्तम यायचे याचं कारण आई होती. आई माहेरची अकोल्याची, आणि अकोल्याची माणसं उपाशी माणूस बघू शकत नाहीत असं तिचं म्हणणं. बाबा काळा कोट चढवून सायकलवर बसले, की पिठाच्या डब्यातून भाकरी निघायची, मिठाच्या बरणीमागून ठेचा निघायचा, कधी ओट्याखालच्या पितळी गंजातून वांग्याचं भरीत निघायचं. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराआड उकिडवे बसून खायचो. आई वर उभी राहून सांगायची, "खाय पटकन, अन् मंग जीव गेल्यावानी पडून राह्य. तुह्या बाबाले वाटलं पाह्यजे का उपास लागू पडून राहिला." खाऊन झालं की लसणाचा वास जाईपर्यंत बडीशेप चावायची. कावीळ झाली तेव्हा मला खिडकीतून उसाचा रस मिळत होता. गायीला शाळेतून आल्यावर मी सरकीची ढेप घालत होते. संध्याकाळी बाबा येऊन आमच्या चेहऱ्यांवरचं तेज बघायचे आणि तक्त्याकडे वळायचे. आज मला वाटतं, एखाद्या शास्त्राला इतके निष्ठावान आणि इतके खोटे रुग्ण क्वचितच मिळाले असतील. पण तेव्हा आम्हाला तो खोटेपणा वाटत नव्हता. ती घरातली व्यवस्था होती.

या घरात बॅटरी आली ती विनूमामाकडून. आईचा हा धाकटा भाऊ अकोल्यात घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्याच्यासारख्याच आठ-दहा वयस्कर पोरांचं एक टोळकं होतं. त्यात मुलांचे डॉक्टर होते, एक बियाण्यांचे व्यापारी होते, आणि एका जिनिंगचे मालक होते. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं सिमेंटचं आवार रिकामं पडायचं, आणि तिथे ही मंडळी रविवारी रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती लावायची. चुन्याने आखलेला रस्ता, वळणावर ठेवलेली तेलाची रिकामी पिंपं, आणि हातात रिमोट घेऊन, जीभ दातात धरून उभे असलेले पन्नाशीचे प्रतिष्ठित नागरिक. मामाने नवी गाडी घेतली आणि जुनी लाल जीप मला दिली. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. टोळक्यात मी एकटीच मुलगी आणि एकटीच अशी, जिला गाडीसाठी बायकोशी खोटं बोलावं लागत नव्हतं.

गाडीत खरी किंमत गाडीला नसते, तिच्या पोटातल्या बॅटरीच्या पॅकला असते, हे मला उस्मानचाचांनी शिकवलं. अकोल्यातच जुन्या भाजीबाजारामागे त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक बाक, आणि भिंतीवर टांगलेले बिघडलेले टॉर्च, दाढीची यंत्रं आणि इमर्जन्सी लाइट. टोळक्यातल्या सगळ्यांचे पॅक तेच बांधायचे. सहा सेल एका ओळीत जोडायचे, पण कुठलेही सहा नाहीत. आधी एकेक सेल वेगळा भरायचा, बल्ब लावून रिकामा करायचा, कोण किती वेळ टिकला ते बघायचं, आणि सारखे टिकणारे सहा निवडायचे. "सहाही भाऊ सारखे पाह्यजेत," चाचा सांगायचे, "एक लंगडा असला तं पाचायले घेऊन बसते." बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी, आणि मधे कथिलाचा डाग देताना तोंडात धरलेल्या तारेमुळे थोडं अस्पष्ट.

माझा पॅक हातात देताना त्यांनी मला बाकावर बसवलं आणि नीट समजावलं. अर्धा वापरून पुन्हा भरायचा नाही. तसं रोज केलं तर त्याला अर्ध्याचीच सवय लागते. म्हणून भरण्याआधी उरलंसुरलं काढून टाकायचं. त्यासाठी स्कूटरच्या मागच्या दिव्याचा एक बल्ब त्यांनी दोन तारा जोडून दिला. "पन याद ठेव बेटी. बल्ब लाल पडला, का लगेच काढायचा. पुरा इझू द्यायचा नाही. पुरा इझला तं जो सेल कमजोर हाये थो उलटा होते. मंग थो गेला." मग चौदा तास लहान चार्जरवर. मधे मधे हात लावून बघायचा. कोमट लागला म्हणजे भरला, गरम लागला म्हणजे जास्त झालं. मी ते सगळं त्यांना परत म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर चार्जिंगचं काम आईनेच अंगावर घेतलं. तेव्हा वीज दिवसातून दोनदा तरी जायची, त्यामुळे चौदा तास कुठून कुठे मोजायचे हा मोठा प्रश्न होता. आईने घड्याळाचा नाद सोडला. पोळ्या लाटता लाटता उलटा हात पॅकला लावायची, जसा आमच्या कपाळाला लावायची, आणि म्हणायची, "अजून थंडा हाये." किंवा, "काढ आता. कणकण आली." तिचा अंदाज एकदाही चुकला नाही. पुढे मी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, बॅटरी भरत आली की तिचं तापमान कसं वाढतं याचे आलेख फळ्यावर काढले, आणि दर वर्षी तो आलेख काढताना मला आईचा पिठाचा हात आठवायचा. हल्ली माझ्या फोनचा चार्ज शंभरावर पोचला की नातू येऊन वायर काढून टाकतो आणि मला बॅटरीचं आयुष्य समजावून सांगतो. मी ऐकून घेते.

बाबांचं पहिले काही दिवस या प्रकरणाकडे लक्ष नव्हतं. पण एकदा जेवताना मी सांगून बसले, की पॅक अर्धा वापरून सारखा भरत राहिलं तर तो बिघडतो, आधी रिकामा करावा लागतो. बाबांचा घास हातातच राहिला. "पुन्हा सांग," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. ते पानावरून उठले, बैठकीतून तक्ता घेऊन आले, आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले. आधीचं पचलेलं नसताना वरून भरत राहणं हेच सर्व रोगांचं मूळ आहे, हे ते तीस वर्षं सांगत होते. आज जपानी शास्त्रज्ञांनाही ते मान्य करावं लागलं आहे. पॅक जपानी आहे असं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी "पण" म्हणाले. बाबांनी हात वर केला. बाबांनी हात वर केला की न्यायाधीशही थांबतात अशी कोर्टात ख्याती होती, मी तर त्यांची मुलगी. चाचांच्या सांगण्याचा दुसरा भाग माझ्या तोंडातच राहिला. तक्त्यात नवं नाव चढलं: 'बॅटरी (कु. कुंदा हिची)'.

तरी तीन महिने काही बिघडलं नाही, कारण मी आईची मुलगी होते. बाबा सकाळी स्वतः बल्ब जोडून पॅकचा उपास सुरू करायचे आणि कोर्टात जायचे. बल्ब लाल पडला की मी हळूच तार काढायचे आणि बाबा यायच्या वेळी पुन्हा टेकवून ठेवायचे. बाबा विझत आलेला बल्ब बघायचे, समाधानाने उपास सोडायचे, आणि पॅक चार्जरवर जायचा. रकान्यात उत्तम. लाल जीप पळत होती. एका रविवारी मी बियाण्यांच्या व्यापाऱ्यांना हरवलं तेव्हा बाबांनी ते यश तक्त्यात नोंदवलं, शाईने.

मग मे महिना आला. जिनिंगच्या आवारात हंगामाची मोठी शर्यत ठरली, आणि त्याच महिन्यात कोर्टाला सुटी लागली. बाबा दिवसभर घरात. शर्यतीच्या आधी पॅकला साधा नाही, तीन दिवसांचा पूर्ण उपास घडवायचा, असं त्यांनी जाहीर केलं, आणि पॅक बल्बसकट आपल्या आरामखुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला. थोड्याच वेळात बल्ब लाल पडला. मी दारातून बघत होते. मग तो विझला. मी धीर करून म्हटलं, "बाबा, बल्ब विझला."

"विझला म्हणजे वरवरचं संपलं," बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले. "आता साचलेलं बाहेर पडायला लागेल. खरा उपास इथून सुरू होतो."

मी आईकडे गेले. आई ओट्यापाशी हतबल होऊन उभी होती. आम्हाला सगळ्यांना तिने बाबांच्या शास्त्रातून चोरून बाहेर काढलं होतं, पण बॅटरीला दाराआड बसवून काय खाऊ घालायचं ते तिला ठाऊक नव्हतं. "मले तं समजत नाही बाप्पा," ती म्हणाली, "थे तिच्यापासून उठूनच नाही राहिले." तीन दिवस बाबा उठले ते जेवायला आणि झोपायला, आणि झोपताना स्टूल पलंगाशेजारी नेत होते. मी स्पष्ट सांगू शकत होते. चाचांनी काय सांगितलं ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण आमच्या घरात उपास कधी सुटणार हे विचारायची पद्धत नव्हती, आणि तीन महिने मी तार काढत होते हेही मग सांगावं लागलं असतं. चौथ्या दिवशी बाबांनी उपास सोडवून पॅक चार्जरवर लावला, तेव्हा मी मनात म्हणत राहिले, की होईल नीट.

शर्यतीला बाबा पांढरं धोतर नेसून आले. वैद्यकीय सल्लागार कसे दिसतात ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या फेरीत जीप सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत ती म्हाताऱ्यासारखी चालायला लागली, आणि तिसऱ्या पिंपाशी थांबली ती थांबलीच. मी पॅक काढला. एका टोकाला चटका बसेल इतका गरम. मामा म्हणाला, "असं कसं झालं कुंदे?" डॉक्टर हसले. हसले म्हणजे काही वाईट अर्थाने नाही, पण बाबांनी ते ऐकलं. इतक्या शास्त्रशुद्ध उपचारानंतर रुग्ण दगावला, त्या अर्थी रुग्ण मुळातच रोगी होता, असा निष्कर्ष अमरावतीला पोचेपर्यंत तयार होता, आणि सोमवारी त्यांनी उस्मानचाचांना वकिली नोटीस पाठवली.

त्या नोटिशीची कार्बन प्रत मी वाचली आहे. 'आमचे अशिलाचे (वय वर्षे चौदा) वतीने आपणास कळविण्यात येते की, आपण बांधून दिलेला पॅक हा जन्मतःच क्षीण प्रकृतीचा असून, सदर पॅकवर तीन दिवस सलग शुद्धीकरणाचे उपचार करूनही त्याची शक्ती वाढण्याऐवजी लोप पावली, सबब सदर दोषाबद्दल आपण आठ दिवसांचे आत चार प्रतिष्ठित व्यक्तींसमक्ष दिलगिरी व्यक्त करावी.' बाबांना पैसे नको होते. पैशाने त्यांचं शास्त्र सिद्ध होणार नव्हतं.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा आवारात जमले. या वेळी गाड्या बाजूला होत्या आणि मधे एक टेबल होतं. तिथे गेल्यावर मामाने मला बाजूला घेतलं आणि मला जे माहीत नव्हतं ते सांगितलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सगळ्या इमर्जन्सी दिव्यांचं काम, नवे पॅक बांधायचं आणि महिन्याच्या महिन्याला तपासायचं, उस्मानचाचांना मिळायचं ठरलं होतं. चाचांच्या आयुष्यातलं ते पहिलं कायमचं काम होतं. पण रात्री एखादं मूल अत्यवस्थ असताना वीज गेली आणि दिवा असाच मधे विझला तर काय करायचं, असं डॉक्टर आता म्हणत होते. "नोटीस म्हंजे नोटीस असते कुंदे," मामा म्हणाला. "तुह्या बाबानं त्याच्या पोटावर पाय देल्ला."

चाचा सायकलवरून आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि कॅरिअरला मीटरची पेटी बांधलेली होती. कोणाशी न बोलता त्यांनी माझा पॅक उलगडला, सहा सेल उघडे केले, वर बल्ब जोडला, आणि चालू पॅकमधला एकेक सेल मीटरने मोजायला घेतला. पहिल्या पाचांना काटा उजवीकडे गेला. सहाव्याला तो शून्यावर आला आणि मग हळूच डावीकडे सरकला. सगळे वाकून बघत होते. "हा उलटा झाला," चाचा म्हणाले. "सेल उलटा तवाच होते, जवा बल्ब इझल्यावर बी त्याले चालूच ठेवते. साब, माल खराब नव्हता. याले कोनी तरी पुरा मारला."

"मारला नाही, शुद्ध केला," बाबा म्हणाले. "आणि तो मीच केला. मी काहीही लपवत नाही." ते पुढे झाले आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी कोर्टाच्या खिडकीतून ऐकला होता. "रिकामा करायला तुम्हीच सांगितलं होतं?"

"हाव."

"तो कधी थांबवायचा, हे सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं. बल्ब लाल पडला का काढ म्हनून."

"कोणाला?"

"या पोरीले."

बाबा माझ्याकडे वळले. डॉक्टर, मामा, व्यापारी, जिनिंगवाले, सगळे वळले. "कुंदा," बाबा म्हणाले, "उस्मानभाईंनी तुला अशी सूचना दिली होती? हो किंवा नाही."

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले ते मी आजवर स्वतःला शंभर वेळा समजावलं आहे. लहान होते, घाबरले होते, हो म्हटलं असतं तर मी तार काढत होते तेही निघालं असतं, आईचा पिठाचा डबा निघाला असता. सगळं खरं आहे आणि कशानेही ते 'नाही' लहान होत नाही. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडेच बघत होते, दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मग त्यांनी खाली बघून बल्ब काढला, तारा गुंडाळल्या आणि म्हणाले, "नसंन सांगतलं. माही चूक झाली, वकीलसाहेब."

बाबांनी ती दिलगिरी फार मोठ्या मनाने स्वीकारली. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला, चूक कबूल करणं हे शरीरातलं विष बाहेर टाकण्यासारखंच आहे असं सांगितलं, आणि पाच मिनिटांत मिताहारावर थोडक्यात बोलले. डॉक्टर मामाला हळू आवाजात म्हणाले, की माणूस चांगला आहे पण सांगायचं विसरतो, अशाला दवाखान्याचं काम कसं द्यायचं. चाचांनी ते ऐकलं असणार, कारण मला ते ऐकू आलं. त्यांनी पेटी कॅरिअरला बांधली आणि सायकल हातात धरून, तिच्यावर न बसता, फाटकातून बाहेर गेले.

अमरावतीला परतायला अकोल्याहून बडनेऱ्याची पॅसेंजर दुपारची होती. खिडकीची जागा मिळाली. बाबा खुशीत होते. मोड आलेल्या मुगाचा डबा उघडून मला चावून चावून खायला सांगत होते आणि उलटतपासणीत प्रश्न नेहमी हो-नाहीचाच का विचारायचा ते समजावत होते. मी मूग तोंडात धरून बसले होते.  शेवटी मी ते खिडकीतून थुंकले आणि म्हणाले, "बाबा, त्यांनी सांगितलं होतं."

"कोणी?"

"चाचांनी. लाल पडला की काढ म्हणून. मी तुम्हाला सांगितलं नाही."

बाबांनी डबा बंद केला. "मग तिथे नाही का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून," मी म्हणाले आणि रडायला लागले.

त्यांनी डबा पिशवीत भरला. मूर्तिजापूर आलं. गाडी थांबली तसे बाबा उठले, पॅकची पिशवी घेतली आणि म्हणाले, "उतर." त्यांनी तिकिटाचा, जागेचा, कशाचा विचार केला नाही. फलाटावर उतरल्यावर कळलं, की अकोल्याकडे जाणारी गाडी यायला अजून दीड तास आहे. आम्ही एका बाकावर बसलो. मला वाटलं आता सुरुवात केलीच आहे तर सगळंच सांगून टाकावं, म्हणजे पुन्हा कधी असं बसावं लागणार नाही. मी त्यांना मागच्या महिन्यांत मी तार काढत होते ते सांगितलं. मग पिठाच्या डब्यातल्या भाकरीचं सांगितलं.

बाबा समोरच्या रुळांकडे बघत एकेक विचारत गेले. "तुझ्या काविळीतला उपास?"

"आई खिडकीतून उसाचा रस द्यायची."

"आईचा संधिवातातला पंधरा दिवसांचा?"

"ती तुम्ही गेल्यावर जेवायची. कढी-भात."

"गाय?"

"तिला मी ढेप घालत होते."

बाबांनी धोतराचा सोगा सारखा केला. "म्हणजे एवढ्या वर्षांत," ते म्हणाले, "माझं ऐकून खरा उपास केला कोणी?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं, पण ते माझ्याकडे बघत थांबले होते. "बॅटरीनं," मी म्हणाले.

शेजारी एक भजीवाला कढई घेऊन बसला होता. थोड्या वेळाने बाबा उठले आणि दोन कागदांत भजी घेऊन आले. आजवर त्यांना तळलेलं खाताना मी बघितलं नव्हतं. ते मिरचीचं भजं देठापर्यंत खात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरची तिखट होती हे खरं आहे, माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. बाबांची मला तेव्हा कीव आली आणि आपल्याला बापाची कीव येते याची भीती वाटली.

परत अकोल्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रविवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी पत्ते चालायचे, टोळकं सगळं तिथेच असायचं. बाबांनी मला चाचांच्या दुकानाशी सोडलं. "तू इथं थांब," ते म्हणाले. "तिथलं माहं काम हाये." बाबा कोर्टात शुद्ध आणि घरात अतिशुद्ध बोलायचे. हे वाक्य कुठून आलं ते त्यांनाही कळलं नसावं. ते डॉक्टरांच्या गल्लीकडे चालत गेले.

चाचा एका टॉर्चमधून गळलेला सेल कानशीने खरवडून काढत होते. मी उभी राहून सगळं सांगितलं. मी खोटं बोलले, बाबांना आता माहीत आहे, ते डॉक्टरांकडे गेले आहेत. मग गाडीत रडताना मनात घोळत होतं तेही बोलले, की तुम्ही मला वाचवायला चूक अंगावर घेतलीत, मी ते जन्मात विसरणार नाही. हे वाक्य मला फार चांगलं वाटलं होतं. मूर्तिजापूरपासून मी ते तयार करत आले होते.

चाचांनी कानस खाली ठेवली. "तुह्यासाठी नाही म्हनलो बेटी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू झूट बोलली तवा मले लई गुस्सा आला. पन वकील सामने उभा. कागद त्याच्या हातात. मी दुसरी पास शिकलो. अजून चार सवाल विचारले असते तं मी काहीचं काही बोललो असतो, अन् कोर्टात गेलो असतो. म्हनून म्हनलो, माही चूक. डर लागला मले." त्यांनी टॉर्च पालथा करून टेबलावर ठोकला, गंज खाली पडला. "तुले कोनाचा लागला?"

"बाबांचा," मी म्हणाले.

"मंग एकच झालं," चाचा म्हणाले.

 मी बाकावर बसले. चाचा दुसरा टॉर्च उघडायला लागले. बऱ्याच वेळाने बाबा दुकानाच्या पायरीशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "सांगितलं," ते म्हणाले. "हसले सगळे. बॅटरीला उपास म्हणून पुष्कळ हसले." मग चाचांकडे बघून म्हणाले, "दवाखान्याचं काम तुमचंच आहे. डॉक्टर उद्या येतील. आणि ती नोटीस मी मागे घेतली आहे." त्यांना अजून काही म्हणायचं होतं. ते शब्द शोधत होते, आणि शब्द न सापडण्याची त्यांना सवय नव्हती.

पण त्या आधीच, ते पायरीवर दिसल्याबरोबर, चाचा हातातला टॉर्च टाकून उभे राहिले होते. मीही उभी राहिले होते. बाबांनी आमच्या दोघांकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"बसा," ते म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "बसा ना."

आम्ही कोणीच बसलो नाही.